स्वस्त फोनचं दुसरं वर्ष दुकानातच कसं ओळखावं

नाशिकच्या सिडकोत राहणारी माझी आत्या पोळी-भाजीचे डबे देते. चाळीसेक गिऱ्हाईकं, त्यांचे व्हॉट्सॲपवरचे निरोप, महिनाअखेरीला यूपीआयवर येणारे पैसे, रोजच्या भाजीचा फोटो, सगळा कारभार एका फोनवर. गेल्या दिवाळीत ती म्हणाली, "अरे, हा फोन आता ऐकतच नाही. मी भाजीचा फोटो काढते, आणि तो निघतो मी डब्याला झाकण लावल्यावर."

तो फोन दोन वर्षांपूर्वी मीच एमजी रोडवरून घेऊन दिला होता. साडेनऊ हजार रुपये, चार जीबी रॅम, चौसष्ट जीबी स्टोरेज. काउंटरवर असा पळत होता की मी पाच मिनिटांत पैसे दिले. चूक तिथेच झाली. रिकामा, थंड, नवाकोरा फोन कुठलाही असो, काउंटरवर पळतोच. किमतीच्या मानाने तो चांगला की वाईट हे कळतं तो भरल्यावर, तापल्यावर आणि जुना झाल्यावर. म्हणून या वेळी ठरवलं, दुसऱ्या वर्षी फोन कसा वागेल याचा अंदाज दुकानातून बाहेर पडायच्या आत घ्यायचा. तो बऱ्यापैकी घेता येतो. मी कसा घेतला ते सांगतो.

आधी जुना फोन उघडून बसा

नवे फोन पाहायच्या आधी जुन्या फोनच्या सेटिंग्जमध्ये दोन ठिकाणी डोकवा. एक स्टोरेज, दुसरं डिजिटल वेलबीइंग. पहिल्यातून कळतं जागा कशाने खाल्ली, दुसऱ्यातून कळतं दिवस कुठल्या ॲपवर जातो. आत्याच्या फोनमध्ये चौसष्टपैकी एकसष्ट जीबी भरलेले होते आणि एकट्या व्हॉट्सॲपने बावीस घेतले होते. "गुड मॉर्निंग"चे फोटो सोडले तर बाकी सगळं तिच्या कामाचं.

मग कागदावर तीन-चारच कामं लिहा, जी अडली तर तुमचा दिवस अडतो. आत्याची यादी: फोटो काढून लगेच पाठवणं, बोलता बोलता व्हॉट्सॲप पाहणं, मराठीत टाईप करणं आणि पैसे आले का ते पटकन बघणं. निफाडच्या मामाला द्राक्षबागेत भर उन्हात स्क्रीन दिसायला हवी, बाकी चाललं तर चाललं. भाच्याला फक्त गेम. एकच फोन या तिघांपैकी एकाला चांगला आणि दुसऱ्याला भंगार वाटू शकतो, त्यामुळे "अमुक फोन कसा आहे?" या प्रश्नाला मी आता उत्तरच देत नाही. कोणासाठी ते आधी सांगा.

पत्रिका पाहताना: पहिलं घर स्टोरेजचं

लोक रॅम विचारतात, कॅमेरा किती मेगापिक्सेल विचारतात. स्टोरेज किती जीबी तेही विचारतात. स्टोरेज कुठल्या प्रकारचं हे मात्र सहसा कोणी विचारत नाही, आणि स्वस्त फोन म्हातारा होतो तो बहुतेक वेळा तिथूनच.

बजेट फोनमध्ये दोन प्रकार भेटतात: ईएमएमसी ५.१ आणि यूएफएस २.२. ईएमएमसी सलग वाचायला सेकंदाला साधारण अडीचशे-तीनशे एमबी देतं. यूएफएस २.२ त्याच्या तिप्पट किंवा त्याहून जास्त. पण खरी गोम निव्वळ वेगात नाही. ईएमएमसी एका वेळी एक तर वाचतं, नाही तर लिहितं. रस्त्याचं काम चालू असलं की दोन टोकांना झेंडेवाले उभे असतात, एका बाजूच्या गाड्या सोडतात तोवर दुसरी बाजू थांबलेली, तसं. यूएफएसमध्ये दोन्ही बाजू एकाच वेळी चालू. आता आत्याचा फोन डोळ्यांसमोर आणा: व्हॉट्सॲपवर व्हिडिओ उतरतोय, प्ले स्टोअर मागे अपडेट करतंय, आणि तेवढ्यात ती कॅमेरा उघडते. कॅमेरा बिचारा झेंड्यापाशी उभा.

त्यात स्टोरेज भरत आलं की ते आणखी मंदावतं. या प्रकारच्या मेमरीत नवं लिहायच्या आधी जुना गठ्ठा हलवून जागा पुसावी लागते. मोकळी जागा कमी, तेवढी हलवाहलव जास्त. म्हणून एकसष्ट जीबी वापरणाऱ्या माणसाला चौसष्टचा फोन देणं म्हणजे पहिल्याच दिवशी त्याला म्हातारा करणं. सध्या जेवढी जागा भरलेली आहे त्याच्या दुप्पट घ्या. एकशेअठ्ठावीसच्या खाली मी आता कोणालाच सुचवत नाही.

स्टोरेजचा प्रकार सहसा डब्यावर छापलेला नसतो आणि काउंटरवरच्या मुलालाही ठाऊक नसतो. कंपनीच्या वेबसाईटवर त्या मॉडेलच्या पानावर पूर्ण तपशील असतो, तिथे पाहा. यूएफएस असेल तर कंपनी ते मिरवते. नुसतं "१२८ जीबी" लिहून गप्प बसली असेल तर मी ईएमएमसी धरून चालतो.

रॅम म्हणजे ओटा

स्टोरेज म्हणजे माळा आणि रॅम म्हणजे ओटा. चालू स्वयंपाकाचं सामान ओट्यावर असतं. ओटा छोटा असला की दर वेळी काहीतरी उचलून माळ्यावर टाकायचं आणि पुन्हा उतरवायचं. फोन एका ॲपमधून दुसऱ्यात गेल्यावर पहिलं ॲप परत पहिल्यापासून उघडतो, ते यामुळे.

दुकानात हमखास ऐकू येतं, "साहेब, आठ अधिक आठ, सोळा जीबी रॅम!" त्यातले दुसरे आठ म्हणजे माळ्याच्याच एका कोपऱ्यावर "ओटा" अशी पाटी लावलेली. व्हर्च्युअल रॅम ती हीच. माळा ईएमएमसीचा असेल तर ही सोय सोय कमी आणि अडगळ जास्त. अधिकच्या खुणेआधीचा आकडा तेवढा धरा. चार जीबीमधला मोठा वाटा अँड्रॉइड आणि गुगलच्या मागे चालणाऱ्या सेवा स्वतःच घेऊन बसतात. खरे सहा असतील तर निभतं. आठ असतील तर दुसऱ्या वर्षीही माणूस चिडत नाही.

आठ कोरमधले दोनच महत्त्वाचे

फोनचा मेंदू म्हणजे त्याची चिप, आणि तिच्यातले काम करणारे हात म्हणजे कोर. "ऑक्टाकोर" म्हणजे आठ कोर, पण हा शब्द ऐकून खूश होऊ नका. या किमतीतल्या बहुतेक चिपमध्ये दोन कोर दमदार आणि सहा साधे असतात. मिसळीच्या हॉटेलात तर्री सोडणारे दोन आणि पाव वाढणारी सहा पोरं असतात, तसं समजा. तर्रीवालाच ढिला असेल तर सहाच्या जागी बारा पोरं ठेवून गिऱ्हाईक उठणार नाही. ॲप उघडणं, कीबोर्ड वर येणं, क्यूआर कोड वाचून पुढे सरकणं, ही कामं त्या दोघांच्याच अंगावर पडतात.

म्हणून चिपचं नाव मिळालं की दोन गोष्टी शोधा. मोठे कोर कुठले, आणि चिप किती नॅनोमीटरवर बनलेली आहे. हेलिओ जी८५ ही २०२० ची चिप, १२ नॅनोमीटरची, मोठे कोर कॉर्टेक्स ए७५. हेलिओ जी९९ आणि डायमेन्सिटी ६३०० सहा नॅनोमीटरच्या, ए७६ कोरच्या. स्नॅपड्रॅगन ४ जेन २ चार नॅनोमीटरची, ए७८ कोरची. गीकबेंच ६ या चाचणीत एका कोरचे गुण पाहिले तर पहिलीला चारशेच्या आसपास मिळतात, मधल्या दोघींना सातशेच्या पुढे, शेवटचीला नऊशेच्या आसपास. चारशे आणि नऊशे यांतला फरक हाताला कळतो, सातशे आणि आठशेमधला कळत नाही. त्यामुळे आकडा पाहायचा तो गट ठरवण्यापुरता. पन्नास गुणांवरून वाद घालणाऱ्यांना घालू द्या. नॅनोमीटर कमी म्हणजे साधारणपणे तेवढ्याच कामाला वीज आणि उष्णता कमी, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

नव्या नावाला भुलू नका. चिपवाले जुन्या चिपला नवा आकडा देऊन पुन्हा बाजारात आणतात. डायमेन्सिटी ७०० हीच पुढे ६०२० म्हणून आली, आणि ८१० हीच ६०८० म्हणून. त्यामुळे गेल्या वर्षीचा वरच्या श्रेणीतला फोन, आता किंमत उतरलेली असताना, या वर्षीच्या खालच्या श्रेणीतल्या नव्याकोऱ्या फोनपेक्षा पुष्कळदा सरस निघतो. दुकानदार तो दाखवत नाही, मागून घ्यावा लागतो.

५जीबद्दल एकच तपासा. जिओचं ५जी एसए पद्धतीचं, म्हणजे स्वतःच्या पायावर उभं आहे; एअरटेलने सुरुवात एनएसए पद्धतीने, म्हणजे ४जीच्या आधाराने केली. अगदी स्वस्त ५जी फोनपैकी काही फक्त एसए ओळखतात, आणि असा फोन दुसऱ्या कंपनीच्या सिमवर ४जीच दाखवत बसू शकतो. आपलं सिम कुठलं ते आठवा आणि फोनच्या तपशिलात दोन्ही शब्द आहेत का बघा.

कॅमेऱ्यावर फार वेळ घालवू नका. पन्नास मेगापिक्सेलचा कॅमेरा नेहमीच्या वापरात चार-चार ठिपके एकत्र करून साडेबाराचाच फोटो देतो, आणि मागचे दोन मेगापिक्सेलचे जोडकॅमेरे बहुधा शोभेचे असतात. दुकानातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात एक फोटो काढा, तो मोठा करून बघा, झालं.

दुकानातली पंधरा मिनिटं

एमजी रोडच्या छोट्या दुकानांत बहुतेक डमी किंवा सीलबंद डबे असतात. चालू डेमो फोन मिळतात ते कॉलेज रोड, गंगापूर रोडकडच्या मोठ्या शोरूममध्ये. पाहा तिकडे, आणि घ्यायचा तिथे घ्या जिथे भाव जुळेल. यात संकोच करण्यासारखं काही नाही. जायचं मात्र कामाच्या दिवशी दुपारी. शनिवारी संध्याकाळी काउंटरवर तीन माणसं खांद्यावरून डोकावत असताना काही तपासता येत नाही.

आम्ही दुपारी अडीचला गेलो. मुलाने फोन पुढे केला आणि बोटाने स्क्रीन सरकवून दाखवली. "बघा ना सर, किती स्मूथ. एकशेवीस हर्ट्झ." म्हणजे स्क्रीन सेकंदाला एकशेवीसदा नव्याने रंगते. मी सेटिंग्जमध्ये जाऊन ते साठवर आणलं. तो जरा नाराज झाला. एकशेवीस हर्ट्झने सरकवताना नजरेला गोड वाटतं हे खरं, पण ॲप उघडायला लागणारा वेळ त्याने कणभरही कमी होत नाही, उलट अडखळणं झाकलं जातं. घरी एकशेवीस खुशाल ठेवा. तपासताना साठ.

मग "अबाउट फोन"मध्ये खरी रॅम, अँड्रॉइडची आवृत्ती आणि सिक्युरिटी पॅचची तारीख पाहिली. डेमो फोन अपडेट न केलेला असू शकतो, त्यामुळे पॅच जुना दिसला तर लगेच नाक मुरडू नका. कंपनी किती वर्षं अपडेट देणार ते वेबसाईटवर वेगळं लिहिलेलं असतं.

आता मुख्य परीक्षा. डेमो फोनमध्ये कंपनीचे जाहिरातीचे मोठे व्हिडिओ असतात. फाइल्स ॲप उघडा, ते व्हिडिओ निवडा आणि दुसऱ्या फोल्डरमध्ये कॉपी करायला लावा. कॉपी चालू असतानाच बाहेर येऊन कॅमेरा उघडा, भराभर पंधरा फोटो काढा आणि लगेच कोपऱ्यातल्या छोट्या चौकोनावर बोट ठेवा. शेवटचा फोटो स्वच्छ उघडेपर्यंत मनात एक, दोन, तीन मोजा. दुसऱ्या वर्षी फोनवर जो भार असतो तसाच काहीसा भार तुम्ही दोन मिनिटांत त्याच्यावर टाकलेला असतो. पहिल्या फोनवर मी पाचपर्यंत पोचलो, आणि मधे एकदा कॅमेरा काळा पडला. त्याच्या शेजारचा, अडीच हजारांनी महाग, "दोन" म्हणायच्या आत उघडला. आत्या बाजूला उभी राहून बघत होती. तिने चिप विचारली नाही की रॅम विचारली नाही. म्हणाली, "हा ऐकतोय."

कॉपी चालू असतानाच मराठी कीबोर्ड लावून एक लांब वाक्य भरभर टाईप करा. जोडाक्षरं येऊ द्या. "उद्या ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा. ज्यांना नको त्यांनी रात्री कळवा." अक्षर बोटाच्या मागे पडत असेल तर आज कामाच्या भाराखाली हे हाल, मग वर्षभराने काय होईल याचा अंदाज करा. तपासून झालं की केलेल्या कॉप्या पुसून टाका. दुसऱ्याचा फोन आहे.

शेवटी ब्राइटनेस पूर्ण वाढवा आणि परवानगी घेऊन दारापर्यंत जा. उन्हात अक्षरं वाचता येतात का ते तिथेच कळतं. कागदावरचे निट्सचे, म्हणजे स्क्रीनच्या उजेडाचे, मोठाले आकडे पुष्कळदा स्क्रीनच्या छोट्या भागापुरते किंवा थोड्या वेळापुरते असतात. जाता जाता रिझोल्यूशनही पाहा. पावणेसात इंचाच्या आसपासच्या स्क्रीनवर एचडी प्लस म्हणजे इंचाला सुमारे दोनशेसाठ ठिपके, फुल एचडी प्लस म्हणजे साडेतीनशेच्या वर. मराठी अक्षरांची वेलांटी-रफार बारीक असते, चष्मा लागलेल्या माणसाला हा फरक जाणवतो. उलट, एचडी प्लसवर कमजोर चिपला ओढायला कमी पडतं, हेही तितकंच खरं. आत्याने फुल एचडीकडे बोट दाखवलं, विषय संपला.

घरी आल्यावरचा आठवडा

ऑनलाइन घेतलात तर बहुतेक ठिकाणी सात दिवसांत मिळते ती बिघाड असेल तर बदली. "मंद वाटतो" हा त्यांच्या लेखी बिघाड नाही. म्हणून वरचं सगळं आधी. तरी घरी काही तपासण्या कराच, खरा बिघाड याच दिवसांत पकडता येतो.

पहिल्या दिवशी फोन मागे बरंच काही उतरवत असतो, त्या दिवशी काही मोजू नका. दुसऱ्या दिवशी गीकबेंच ६ तीनदा चालवा, मधे दहा-दहा मिनिटं सोडून. त्याच चिपच्या इतर फोनच्या गुणांपेक्षा तुमचे बरेच खाली असतील तर आधी बॅटरी सेव्हर चालू राहिलाय का पाहा. अंतुतू या दुसऱ्या चाचणी ॲपचे लाखांतले आकडे जाहिरातीत असतात, पण त्याच्या एका आवृत्तीचे गुण दुसरीशी ताडता येत नाहीत, आणि २०२० मध्ये ते प्ले स्टोअरवरून काढलं गेलं. चाचण्यांवर डोळे झाकून विसंबू नये याचेही दाखले आहेत: गीकबेंचने २०२१ मध्ये वनप्लस ९ चे आणि २०२२ मध्ये सॅमसंगच्या एस मालिकेतल्या काही फोनचे निकाल यादीतून काढले होते, कारण ते फोन चाचणी ॲपला एक वागणूक देत होते आणि रोजच्या ॲपना दुसरी. ते महागडे फोन होते. मग स्वस्तवाल्यांचं काय बोलायचं!

तापण्याची चाचणी मात्र मनापासून करा, कारण तापला की फोन आपणहून वेग कमी करतो. सीपीयू थ्रॉटलिंग टेस्ट नावाचं ॲप पंधरा मिनिटं चालवलं की वेगाचा आलेख काढून देतं. शेवटचा वेग सुरुवातीच्या ऐंशी टक्क्यांच्या खाली घसरला तर मी त्या फोनला गेमसाठी नापास करतो. डब्यांच्या कामाला तो तरीही चालेल. ही चाचणी पंख्याखाली, थंडीत करून उपयोग नाही. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो, तेव्हाचा विचार हवा. माझी स्वतःची पद्धत अगदी गावठी आहे. गाडीच्या हँडलला फोन लावायचा, नकाशा चालू करायचा आणि भर दुपारी द्वारकेहून मुंबई नाका करत पाथर्डी फाट्यापर्यंत जायचं. पोचेपर्यंत स्क्रीन आपोआप मंद झाली किंवा नकाशा अडखळला तर डिलिव्हरीचं काम करणाऱ्या माणसाने तो फोन घेऊ नये.

बॅटरीसाठी दोनच नोंदी पुरतात. रात्री झोपताना किती टक्के आणि सकाळी किती. चार-पाच टक्क्यांपर्यंत ठीक, दहाच्या वर गेलं तर मागे काहीतरी चरतंय, बहुधा कंपनीने आधीच घालून दिलेलं एखादं ॲप. दुसरी नोंद, वीस टक्क्यांपासून शंभरपर्यंत चार्ज व्हायला घड्याळी किती वेळ लागतो ती. डब्यात चार्जर आहे का हे घेण्याआधीच विचारा. नसेल तर त्याचे पैसे फोनच्या किमतीत धरा.

पैशाचा हिशेब

किंमत म्हणजे शेवटी खिशातून गेलेला आकडा. डब्यावरची एमआरपी बाजूला ठेवा. आपल्याकडे नसलेल्या बँक कार्डाची सवलत, जुना फोन दिला तरच मिळणारी सूट, हे सगळं वजा करून दाखवलेला भाव आपला नव्हे. मोबाईलवरचा अठरा टक्के जीएसटी बिलात धरलेला हवा, आणि बिल पक्कं. स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबून येणारा आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, बिलावरच्या आकड्याशी तिथेच ताडून घ्या.

त्या रकमेला वर्षांनी भागा. वर्षं म्हणजे सिक्युरिटी अपडेटची मुदत किंवा तुमचा संयम, यांतलं जे आधी संपेल ते. आत्याचा जुना फोन साडेनऊ हजारांचा, दोन वर्षं चालला, म्हणजे वर्षाला पावणेपाच हजार. नवा साडेतेरा हजारांचा. आठ जीबी रॅम, एकशेअठ्ठावीस जीबी यूएफएस, आणि आता चार वर्षांची अपडेट बाकी. चारही वर्षं चालला तर वर्षाला तीन हजार तीनशे पंच्याहत्तर. गीकबेंचमध्ये एका कोरचे गुण जुन्याचे चारशे आणि नव्याचे नऊशे धरून हजार रुपयांमागे काढले तर जुन्याचे बेचाळीस, नव्याचे सदुसष्ट. दोन्ही हिशेबांत महाग फोनच स्वस्त पडला. नेहमी असं होतंच असं नाही. वीस-बावीस हजारांच्या पुढे आत्याच्या कामाला आणखी वेग मिळून काही फरक पडत नाही, तिथे जास्तीचे पैसे कॅमेऱ्यात आणि दिखाव्यात जातात. ज्याला फक्त फोन आणि व्हॉट्सॲप लागतं त्या आजोबांना दहा हजारांच्या आतलाही चालेल, पण सहा जीबीचा बघा, आणि त्यांच्या व्हॉट्सॲपमधलं मीडिया आपोआप उतरणं आधी बंद करा.

परवा सिडकोत गेलो होतो. नव्या फोनची सत्तर जीबी जागा भरली होती. ओट्यापाशी उभं राहून पुन्हा तीच परीक्षा घेतली: व्हिडिओची कॉपी चालू, पंधरा फोटो, मनातल्या मनात मोजणी. दोनच्या आत फोटो उघडला, डबा अजून उघडाच होता. मी खूश. आत्या म्हणाली, "ते सगळं ठीक आहे रे, पण हा माझ्या कमरेच्या बटव्यात मावत नाही." फोनची लांबी मी कुठेच मोजली नव्हती.